मी उतरवलेली एरियल

रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात माझा जन्म गेला, आणि त्यातला बराचसा वेळ न बिघडलेले सेट उघडून परत बंद करण्यात गेला. गिऱ्हाईक यायचं, काउंटरवर ट्रान्झिस्टर आदळायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री, ह्याचा आवाज गेला बगा. निस्ती खरखर." मी बटण फिरवायचो तर सांगलीचं स्टेशन खणखणीत लागायचं. गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. मी काहीतरी हातचलाखी केली असा त्याला संशय यायचा. "घरी न्हाई लागत ओ. तुमच्याकडं आला की लय शाना हुतोय." मग मी विचारायचो, घरात ठेवता कुठे? आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावायची पाळी यायची.

कुणी लोखंडी कपाटात ठेवायचा. कुणी पत्र्याच्या छपराखाली, पत्र्याच्या पेटीत. कोयनानगरच्या एका कारकुनाने तर भूकंपात पडून फुटू नये म्हणून रेडिओ पलंगाखाली ट्रंकेत गादीवर निजवला होता. सातच्या बातम्यांना नवरा, बायको आणि सासूबाई तिघं पलंगाखाली डोकी घालून बसत. मी रेडिओ उचलून खिडकीत ठेवला, आवाज लखलखीत आला, तर सासूबाई म्हणाल्या, "आनि हादरा बसला मंजे?" त्या भूकंपात त्यांचं घर गेलं होतं, माझं नव्हतं.

माझं दुकान उंब्रजला, हमरस्त्याच्या कडेला, एसटी थांबायची तिथे समोरच. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. लग्नात जावयाला सायकल, घड्याळ आणि ट्रान्झिस्टर द्यायची पद्धत पडली होती, त्यामुळे गावोगाव ट्रान्झिस्टर पोचले होते. पण तो वापरायचा कसा हे कुणी दिलं नव्हतं. ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जवळची स्टेशनं पकडायला सेटच्या पोटात अंगठ्याएवढी जाड काळी कांडी असते. तिची कूस स्टेशनच्या दिशेला पाहिजे. म्हणजे आवाज बारीक झाला तर रेडिओ उघडायचा नसतो, नुसता जागच्या जागी फिरवायचा असतो. लांबची, परमुलखातली स्टेशनं मात्र त्या कांडीला दाद देत नाहीत. त्यांना वरची उघडणारी दांडी लागते, आणि डोंगराच्या पोटातल्या गावात दांडीही पुरत नाही, बाहेर उंचावर तांब्याची तार बांधावी लागते. तिला आम्ही एरियल म्हणायचो. तारेचं एक टोक रेडिओला, आणि रेडिओचं दुसरं टोक जमिनीत. एवढंच शास्त्र. पण लोक रेडिओ बदलायला तयार असत, कोनाडा बदलायला तयार नसत. दांडी मोडली तर छत्रीची काडी खोचत, सेल संपले तर पापडासारखे उन्हात वाळवत.

बाहेर तार बांधायला लोक घाबरत त्याला आणखी एक कारण होतं. रेडिओला तेव्हा लायसन लागायचं. पोस्टात जाऊन दर वर्षी नवं करायचं. निम्म्या घरांत ते नसे, आणि घरावर तार दिसली की आत रेडिओ आहे हे रस्त्यावरून कळे. म्हणून एका पठ्ठ्याने माझी चांगली तांब्याची तार अंगणात कपडे वाळत घालायची दोरी म्हणून बांधली आणि खरोखरच तिच्यावर ओली लुगडी टाकली. वर माझ्याकडे तक्रार घेऊन आला की एरियल कुचकामी आहे.

या गमती मी अजून वीस सांगेन. त्या सांगत बसलो की मूळ गोष्ट सांगायची वेळ टळते, आणि आजवर मी ती अशीच टाळत आलो.

एकाहत्तरची लढाई संपून महिना होऊन गेला होता. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे त्या दिवसांत पोस्टमन दिसला की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. एके दिवशी दुकानात एक म्हातारे पेन्शनर आले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, हातात चामड्याच्या कव्हरातला तीन बँडचा सेट. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं गाव उंब्रजपासून आत, डोंगराच्या खोबणीत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या घरची माणसं अजून तिथे आहेत.

"मिस्त्री," ते म्हणाले, "माजा पोरगा मिसिंग हाय. वसंता. तार आली. मेला म्हनत न्हाईत आनि हाय बी म्हनत न्हाईत."

मी स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

"पलीकडच्या मुलकाचं स्टेशन हाय. रोज दिवेलागनीला, धरल्याली आपली पोरं हायत त्यांची नावं वाचत्यात. माज्या पलटनीतल्या दोस्तानं कळवलं. त्याच्याकडं ऐकू येतंय. आमच्या गावात निस्ती घरघर. ह्यो सेट बिघडलाय का गाव बिघडलाय, त्येवडं सांगा."

सेट उत्तम होता. दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन मी गावात गेलो आणि पोचल्या पोचल्या रोग कळला. कोयनेहून निघालेल्या विजेच्या मोठ्या तारा त्या गावाच्या बरोबर डोक्यावरून गेल्या होत्या. गावात वीज नव्हती. एक दिवा नाही. वीज पुढे मोठ्या शहरांना जात होती आणि गावाच्या वाट्याला तिची घरघर तेवढी आली होती, चोवीस तास, प्रत्येक रेडिओत. सुभेदारांना मी हे सांगितलं तर ते वर तारांकडे बघत म्हणाले, "आमच्या शेतात खांब रोवलं तवा लाईट देतो म्हनाले हुते."

अशा ठिकाणी एरियल बांधणं ही कारागिरी असते, आणि ती मला येत होती. विजेच्या तारा जिकडून जातात त्यांना समांतर आपली तार गेली तर ती घरघरच पिते. आडवी गेली तर पुष्कळ वाचते. शिवाय जमेल तेवढी लांब हवी. सुभेदारांच्या घरामागे चढ होता, चढावर माळ. मी बांबूच्या दोन मेसकाठ्या माळाच्या कडेला रोवल्या, मोठ्या तारांना आडवी अशी साठ हात तार ताणली. काठीला तार नुसती बांधली की आवाज काठीतून जमिनीत जातो, म्हणून मध्ये चिनी मातीचं काही लागतं. मी सुभेदारांकडून फुटक्या कपांचे कान मागवले आणि त्यांत तार ओवली. मग जमिनीच्या टोकासाठी परसात खड्डा घेतला. घरातली गळकी तांब्याची घागर त्यात पुरली, भोवती मीठ आणि कोळसा दडपला. हा खड्डा कायम ओला राहिला पाहिजे, नाहीतर पुन्हा खरखर.

"पानी किती घालायचं?" मागून आवाज आला. सुभेदारांची सून होती. सगुणा. वसंताची बायको. एकोणीस-वीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यांतले नवऱ्याच्या रजेचे दोन महिने तेवढे संसाराचे.

"एक कळशी रोज."

"सकाळी का सांजच्याला?"

"रेडिओला तहान लागेल तेव्हा," मी म्हणालो. मला वाटलं ती हसेल. ती विचारात पडली आणि म्हणाली, "मी दोन्ही टायमाला घालीन." माझा विनोद माझ्याच तोंडावर आपटला.

दिवेलागणीला सेट लावला. मी सावकाश काटा सरकवत होतो. आधी घरघर, मग शिट्टी, मग कुणाचं तरी गाणं, आणि मग एकाएकी माणसाचा आवाज, जवळ बसून बोलावं असा. नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव. मग पुढचा नंबर. सुभेदार खाटेवरून उठले आणि सावधान उभे राहिले. सगुणा स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून आत उभी होती. वीस-बावीस नावं झाली. वसंताचं नव्हतं. आवाज बंद झाला तसे सुभेदार माझ्याकडे वळून म्हणाले, "साफ आला. बिलकुल साफ." पोराचं नाव आलं नव्हतं आणि हा माणूस माझ्या कामाची दाद देत होता. त्या दाद देण्याने मी फुगलो, ते पुढे नडलं.

त्यानंतर ते रोज ऐकत. दर गुरुवारी मी खेपेला त्या बाजूला असायचो तेव्हा डोकावायचो. सुभेदारांनी एक नवंच काम काढलं होतं. दुसऱ्यांच्या पोरांची जी नावं ऐकू येत ती ते वहीत लिहीत आणि गावाचं नाव नीट कळलं तर त्या घरी पोस्टकार्ड टाकत. "आपला चिरंजीव सुखरूप आहे, रेडिओवर नाव ऐकले." खानापूरच्या अंगाला एका आईला असं कार्ड गेलं. तिचं उलट कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, त्यात सुभेदारांना देव म्हटलं होतं. त्यांनी मला ते वाचून दाखवलं. गावातली माणसं म्हणत, सुभेदाराच्या सुनेनं जमिनीला पाणी घालायचा नवस केलाय. ती कुणाला खरं सांगत बसली नाही.

मी मात्र सगळ्यांना सांगत सुटलो. उंब्रजच्या हॉटेलात, एसटीच्या कंट्रोलरपाशी, दुकानात येईल त्याच्यापाशी. कोयनेच्या तारांखाली, डोंगराच्या पोटात, पलीकडच्या मुलखाचं स्टेशन मी असं लावून दिलंय की वाचणाऱ्याच्या कागदाचा आवाज येतो. सातारा-सांगलीत असं काम करून दाखवा म्हणावं कुणी. ही बढाई कुणाच्याही वाईटावर नव्हती. पण ती पोलीस ठाण्याच्या जमादारापर्यंत गेली.

जमादार तसा वाईट माणूस नव्हता. दुकानात आला, चहा मागवला, आणि बशीत ओतता ओतता म्हणाला, "काय मिस्त्री, दुष्मनाचं स्टेशन बशिवताय म्हनं लोकास्नी? उंच तार बी बांधून दिलीया?"

मी म्हणालो, "पोराचं नाव ऐकतात ओ ते. सुभेदार आहेत."

"आसतील की. पर माज्यापत्तोर आलंय. वर गेलं तर माज्या हातात न्हाई ऱ्हायचं." मग फळीवरच्या सेटांवरून त्याने नजर फिरवली. "ह्या समद्यांची लायसनं हायत न्हवं?"

त्यातल्या चार सेटांना लायसन नव्हतं. विनालायसनचा सेट दुरुस्तीला घेतला की दुकानदारही सापडतो. त्याने एवढंच विचारलं, चहा संपवला आणि गेला. तार काढा असं तो बोललाही नाही. मी खूप वेळा ते बोलणं आठवून पाहिलं आहे. तो ते शब्द बोललाच नव्हता. मला वाटतं तो दुकानातून उतरताना विसरूनही गेला असेल.

मी विसरलो नाही. रात्रभर माझं दुकान, माझी बायको, माझी दोन पोरं माझ्या डोळ्यांसमोर फिरत राहिली आणि सकाळी मी सायकल काढली.

सुभेदार अंगणात होते. मी म्हणालो, "आबा, तार काढावी लागतेय."

"का?"

इथे मी खरं सांगू शकलो असतो. मी घाबरलोय, माझ्याकडे चार सेट बिनलायसनचे आहेत, जमादार चहा पिऊन गेला. सुभेदार हसले असते, आणि बहुधा माझ्याबरोबर ठाण्यात येऊन जमादाराला दोन शब्द सुनावले असते. पण मला लाज वाटली. मी म्हणालो, "हुकूम आलाय."

"कुनाचा?"

"वरून."

"लेखी?"

"तोंडी."

बत्तीस वर्षं त्या माणसाने हुकूम पाळले होते. का आणि कशासाठी हे विचारायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी वहाणा घातल्या, माळावर गेले आणि स्वतःच्या हाताने काठीवरची गाठ सोडायला लागले. मी म्हणालो, मी करतो. तर म्हणाले, "तुमी गुंडाळा." मी गुंडाळत राहिलो.

सगुणा कळशी घेऊन परसात आली होती. तार खाली येताना बघून तिला वाटलं काहीतरी तिचं चुकलं. "मिस्त्री, पानी कमी पडलं का? मी वाडवते की. तीन कळश्या घालते."

मी म्हणालो, "पाण्याचं नाही, बाई."

"मग आट दिस ऱ्हाऊ द्या. आटच दिस."

"माझ्या हातात नाही."

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. सुभेदार म्हणाले, "हुकूम हाय, पोरी." कळशी तिने सवयीने त्या खड्ड्यातच ओतली आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. आणि मी तो चहा प्यायलो. तारेचं वेटोळं कॅरिअरला बांधून उतारावरून सायकल सोडली तेव्हा मला चक्क हलकं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

दुकानावर माझी स्वतःची एरियल होतीच, तपासणीसाठी, रीतसर लायसनची. त्याच दिवशी दिवेलागणीला मी फळ्या लावून घेतल्या आणि मागच्या खोलीत आवाज बारीक करून ते स्टेशन लावलं. का लावलं? मन खात होतं म्हणून. नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव. मी मनाशी ठरवलं, वसंताचं नाव आलं की तसाच रात्री सायकलवर जाईन आणि पाय धरीन. असा मी ऐकायला बसू लागलो. अकरा दिवसांनी ती यादी वाचणं बंद झालं. मी ऐकलेल्या नावांत वसंताचं नाव नव्हतं.

वाचकांना वाटेल, मग हेच जाऊन का सांगितलं नाहीस? सांगितलं असतं तर सुभेदारांनी पहिला प्रश्न विचारला असता, "तुमास्नी हुकूम न्हवता?" ज्या हुकुमाने त्यांची एरियल उतरली त्या हुकुमाने माझी कशी राहिली? या एका प्रश्नाच्या भीतीने मी तोंड उघडलं नाही. एक खोटं लपवायला मी दुसरं खरं गिळून टाकलं.

तार उतरल्यावर यादी आणखी अकरा दिवस चालली हे सुभेदारांना त्यांच्या दोस्ताच्या पत्रातून पुढे कळलं. त्याच्या सेटवर त्या दिवसांत नीट येत नव्हतं, त्याने काही सगळं ऐकलं नव्हतं. आणि तिथून सगुणाने मनाशी एक गाठ मारली. एवढे दिवस ऐकलं तेव्हा नाव नव्हतं, म्हणजे ते त्या अकरा दिवसांतच वाचलं असणार. त्या वर्षाच्या अखेरीला कैदी सुटून आले. खानापूरच्या आईचा पोरगा आला. वसंता आला नाही. सुभेदार एकदा उंब्रजच्या बाजारात भेटले, बरेच खचलेले. म्हणाले, "मिस्त्री, सून म्हनती नाव वाचलंय, धनी तिकडंच हायत. म्या काय म्हनू तिला? म्या तार सोडली ह्या हातानं." मी त्यांना ऊस कसा आहे ते विचारलं. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. सासरी धाकट्या दिराचं राज्य आलं आणि सगुणा माहेरी, कवठे महांकाळच्या बाजूला निघून गेली, असं मला कुणाकडून तरी कळलं.

मीही उंब्रज सोडलं आणि सांगलीला दुकान टाकलं. धंदा चांगला चालला. चांगली एरियल बांधणारा माणूस म्हणून लोक मला लांबून बोलवायचे. मी जात होतो. दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट, कवठे महांकाळजवळच्या एका गावातून पंचायतीचा रेडिओ बघायला बोलावणं आलं. बाजारभाव ऐकू येत नाहीत म्हणून. मी चावडीच्या छपरावर उभा राहून तार ओढत होतो. खाली एक बाई थांबली.

"उंब्रजचं मिस्त्री न्हवं तुमी?"

मी आधी ओळखलं नाही. मग कपाळावरचं कुंकू दिसलं, चांगलं रुपयाएवढं, आणि ओळखलं.

तिने घरी नेलं. भाऊ प्राथमिक शाळेत मास्तर, सरळ माणूस. गुळाचा खडा आणि पाणी झालं. सगुणा आत गेली तेव्हा मास्तर हळू आवाजात मला सांगू लागला. त्याने पहिल्याच वर्षी तिच्यासाठी मिरजेहून नर्सिंगचा फॉर्म आणला होता. ती सातवी पास होती, लढाईत गेलेल्यांच्या बायकांना तेव्हा सवलत होती, मार्कांची अडचण नव्हती. फॉर्ममध्ये एका रकान्यात विधवा असं लिहायचं होतं. ती लिहीना. तीन वर्षं त्याने फॉर्म आणला, तीन वर्षं ती लिहीना. पुढे वयाची अट ओलांडली. आता सात वर्षं होऊन गेली म्हणून सरकारी कागद आला होता, त्यावर तिने सही केली की वसंताला मयत धरून पुढचं सगळं सुरू होणार होतं. "ती म्हणते, नाव वाचलंय त्यांचं. मिस्त्री, तुम्ही होता ना तिथे? तुम्ही तरी सांगा काहीतरी."

तो सहज म्हणाला. माझ्या हातात गुळाचा खडा विरघळत होता.

सगुणा चहा घेऊन बाहेर आली. मी सगळं सांगून टाकलं. हुकूम नव्हता. जमादाराने काढा म्हटलं नव्हतं. माझ्याकडे तार होती आणि ते अकरा दिवस मी दुकानात बसून ऐकत होतो. नाव आलं नाही.

ती ट्रे हातात घेऊन तशीच उभी. मास्तर उठून उभा राहिला होता. मला वाटलं तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"अकराच्या अकरा दिस?" तिने विचारलं.

"हो."

"एक बी चुकला न्हाई?"

"नाही."

तिने ट्रे खाली ठेवला. चहा सांडला नाही. "मंग तवा का न्हाई सांगितलंसा?"

मी म्हणालो, "तुम्हाला फार दुःख झालं असतं." हेही खोटंच होतं आणि तिला ते कळलं.

"झालंच असतं की," ती म्हणाली. "रडले असते. सा म्हैनं रडले असते, वरीस रडले असते. मंग उटले असते. इस वर्साची हुते मी, मिस्त्री. तो फारम भरला असता. मिरजेला गेले असते. आता सांगून मला काय देताय? आता तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून सांगताय तुमी."

ती म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. तिने भावाकडे बघितलं. "दादा, तो कागद आन."

त्याने कागद आणला, पेन आणलं. तिने मांडीवर पाट घेऊन सही केली, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, शाळेतल्या वळणाचं अक्षर. मग पदराचं टोक ओलं करून कपाळ पुसलं. आमच्या दोघांच्या समोर, घाई न करता. "आता जावा," ती मला म्हणाली. चावडीवरचं काम अर्धवट टाकून मी सांगलीची एसटी धरली.

ती पुढे बालवाडीत मदतनीस म्हणून लागली आणि बरीच वर्षं तिथेच होती, हे मला कळत राहिलं. मी पुन्हा तिच्यासमोर गेलो नाही. गेल्या वर्षी ती गेली. मास्तरने सांगलीच्या पत्त्यावर दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, का टाकलं ते माहीत नाही. ती असती तर हे लिहिलं नसतं, कारण यातली एक गोष्ट तिच्या कानावर जाता कामा नव्हती.

त्या अकरा दिवसांत एक दिवस मी उंब्रजमध्ये नव्हतो. मसूरला एका लग्नात लाऊडस्पीकर लावायला गेलो होतो. आधी घेतलेलं काम होतं. मी परतलो तोवर यादी वाचून झाली होती. बाकीचे दहा दिवस मी ऐकले. तिने एक बी चुकला न्हाई, असं विचारलं तेव्हा तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता, मसूरच्या मांडवासकट, आणि मी "नाही" म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तिने त्या एका संध्याकाळवर उरलेलं आयुष्य काढलं असतं. खोटं सांगितलं आणि तिने माझ्यादेखत कुंकू पुसलं. यांतलं बरोबर कोणतं होतं ते मला आजही ठरवता येत नाही. त्या एका संध्याकाळी कुणाकुणाची नावं वाचली, मला माहीत नाही.